पावती कायले पायजे?

आमच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या रोहिणखेडला दोन मोठ्या लढाया झाल्या आणि दोन्ही घरच्या भांडणावरून. १४३७ साली खानदेशचा नासिरखान वऱ्हाडात घुसला, कारण बहमनी सुलतानाला दिलेल्या आपल्या लेकीची सासरी आबाळ होते, असं त्याच्या कानावर आलं होतं. जावयाचा सरदार खलफ हसन यानं सासरेबुवांना इथं गाठलं, मोडलं आणि पार बुऱ्हाणपूरपर्यंत पिटाळलं. पुढं दीडशे वर्षांनी, १५९१च्या सुमारास, अहमदनगरच्या गादीसाठी बुऱ्हाण निजामशहा इथंच लढला. गादीवर तेव्हा बसला होता त्याचाच पोटचा मुलगा. मुलाच्या नावानं कारभार हाकणारा जमालखान लढाईत पडला आणि बाप गादीवर गेला. कोण जिंकलं, कोण मेलं, हे इतिहासकारांनी लिहून ठेवलंय. हत्तींचा चारा कुणाच्या नावे पडला आणि गावच्या कडब्याचे पैसे कुणी दिले, याबद्दल सगळे गप्प. माझा अंदाज असा की पावती मागणारा कुणीतरी हिशेबनीस तेव्हाही छावणीत असणार, आणि 'आधी लढाई तर होऊ द्या' असं म्हणून त्याला गप्प बसवलं असणार.

मलाही आज तेच सांगतात. लढाईच्या जागी फक्त 'हंगाम' म्हणतात.

मी घाटाखालचा हिशेबनीस. आमच्या जिल्ह्यात माणसं दोनच प्रकारची, घाटावरची आणि घाटाखालची. वरच्यांना वाटतं खाली फार उकडतं, खालच्यांना वाटतं वर फार शहाणे राहतात. माझं शिक्षण बी.कॉम. गावातले म्हातारे मला दिवाणजी म्हणतात, पोरं सर म्हणतात आणि मधल्या वयाची माणसं, विशेषतः काम फुकट करून घ्यायचं असलं की, सीए साहेब म्हणतात. खरे सीए बुलडाण्याला बसतात. मोताळ्यावरून राजूर घाट चढून मी कागदांच्या पिशव्या घेऊन त्यांच्याकडे जातो, तेव्हा ते मला 'या, बसा' म्हणतात आणि पिशव्यांकडे असे बघतात की मीच खाली मान घालतो. एका कृषी सेवा केंद्राचं, दोन-तीन दुकानांचं आणि एका अडत्याचं लिखाण माझ्याकडे आहे. शिवाय गावातल्या प्रत्येक घरात मी मोफत उपलब्ध आहे.

लोकांना वाटतं या धंद्यात त्रास आकड्यांचा असतो. आकड्यांइतकं गरीब जनावर जगात नाही. ते बसवाल तिथं बसतात, उचलाल तर उठतात, पुन्हा मोजा म्हटलं तर तेवढेच भरतात. या कामात माणसाची हाडं खिळखिळी होतात ती आकड्याच्या मागं असायला हवा होता आणि नाही, अशा कागदानं.

गाव शब्दावर चालतं. शेतात बोअर मारणारा, जेसीबीवाला, गवंडी, हमाल, मळणीयंत्रवाला या सगळ्यांचे व्यवहार बांधावर उभ्या उभ्या तोंडी ठरतात आणि तोंडीच फिटतात. त्यात फसवाफसवीही फारशी होत नाही. पण मला हवा असतो कागद. कृषी सेवा केंद्राच्या मालकांना मी गेली कित्येक वर्षं एकच प्रश्न विचारतो, "शेठजी, पावती?" आणि ते तेवढ्याच वर्षांपासून एकच उत्तर देतात, "पावती कायले पायजे? मी सांगतो ना!" म्हणण्यात तथ्य आहे. ते सांगतात ते खरंच असतं. पण आयकर खात्याला 'शेठजींनी सांगितलं' या नावाचं व्हाउचर चालत नाही.

मग मी व्हाउचर बनवतो. गवंड्याकडे घेऊन जातो. गवंडी सही करताना विचारतो, "कायच्या पैशाची सही?" मी म्हणतो, "तुला मिळाले त्या." तो म्हणतो, "ते तर मिळाले, मंग सही कायले?" याला उत्तर नाही. मिळाले नसते तर सही मागणं त्याला पटलं असतं.

त्यात कायदा असा की एका माणसाला एका दिवसात दहा हजारांच्या वर रोख दिले, तर तो खर्च धरत नाहीत. त्यामुळे आमच्या तालुक्यातली बिलं कशी होतात, तर ९,९०० रुपयांची. गोडाऊनची भिंत बांधायला लागले असतील ते लागले असतील, कीर्दीत ते रोज ९,९०० या दरानं लागलेले आहेत. पोळ्याच्या दिवशी अख्खा गाव बैलांमागं नाचत होता, तरी आमचा गवंडी एकटा विटा रचत होता असं आमचे हिशेब सांगतात. उद्या कुणी संशोधकानं या कीर्दी वाचल्या, तर वऱ्हाडातला माणूस सणवार न पाळणारा, भयंकर कष्टाळू होता असा प्रबंध तो लिहील.

कागदाखालोखाल माणसाला घोळात टाकतं ते वर्ष. शहरातल्या हिशेबनिसाला नववर्ष एकच, एक एप्रिल. हे एप्रिल-मार्चचं वर्ष इंग्रजांनी १८६७ साली लावलं; त्याआधी सरकारी वर्ष मे ते एप्रिल असायचं. म्हणजे इंग्रजांनी ढवळाढवळ केली नसती, तर मला वर्षअखेर ऐन एप्रिलच्या उन्हात पत्र्याखाली बसून करावी लागली असती, एवढं एक श्रेय मी त्यांना देतो. बाकी आमच्याकडे वर्षं सुटी मिळतात. सालगड्याचं साल गुढीपाडव्याला बदलतं. दुकानदाराची वही लक्ष्मीपूजनाला पुजतात आणि पाडव्याला तिच्यात पहिली ओळ पडते. कापसाचं वर्ष एक ऑक्टोबरला सुरू होतं. आणि अक्षय तृतीयेला जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला घटमांडणी होते. दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊस किती, पीक कोणतं, देशाच्या तिजोरीचं काय, असं सगळं भाकीत बाहेर पडतं. माझे एक मालक पुढच्या वर्षीचं बजेट माझ्याकडून नाही, तिथून घेतात. गेल्या काही वर्षांचे माझे आणि भेंडवळचे अंदाज मी एकदा गुपचूप ताडून पाहिले आणि तो कागद फाडून टाकला.

तर एकाच माणसाच्या एकाच दुकानाचा नोकर गुढीपाडव्याला बदलतो, वही दिवाळीत, माल ऑक्टोबरात आणि कर एप्रिलात. या सगळ्यांना एका ताळेबंदात बसवणं माझं काम. सुट्टी मात्र यातल्या कुठल्याही नववर्षाला नाही. लक्ष्मीपूजनाला तर मुद्दाम बोलावतात, कारण नवी वही कोरी पुजायची नसते, 'श्री' काढणारा माणूस पाहिजे. लक्ष्मी शेठजींकडे येते, पेढा माझ्याकडे येतो.

मात्र मार्चअखेर बघायची तर ती सोसायटीत. विविध कार्यकारी सोसायटीचा गटसचिव हा प्राणी मराठी साहित्यानं अजून नीट पाहिलेला नाही. चार-पाच गावांच्या सोसायट्या एका माणसाच्या अंगावर, पगाराची तारीख देवाधीन, आणि समोर सबंध गावाचं पीककर्ज. या कर्जाला पंजाबराव देशमुखांच्या नावानं व्याजसवलत आहे; तीन लाखांपर्यंतचं कर्ज वेळेत फेडलं तर व्याज शून्य. योजना चांगलीच आहे. अडचण 'वेळेत' या शब्दाची. मार्चमध्ये शेतकऱ्याच्या हातात पैसा नसतो. कापूस विकून झालेला, ते पैसे लग्नात गेलेले, तूर पोत्यात, गहू शेतात. मग सुरू होतं नवं-जुनं.

नवं-जुनं म्हणजे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात शेतकऱ्यानं कुणाकडून तरी आठ-दहा दिवसांच्या बोलीनं पैसे उचलायचे, सोसायटीचं जुनं कर्ज भरायचं आणि एप्रिलात नवं कर्ज उचलून त्या माणसाचे पैसे फेडायचे. कर्ज तिथंच राहतं, फक्त त्याला वर्षातून एकदा बँकेचं तोंड दाखवून आणतात. सरकारचं शून्य टक्के व्याज वाचवण्यासाठी खासगीत किती टक्के दिले, हे कुठल्याच वहीत येत नाही. गटसचिवाला ते ठाऊक असतं. त्याच्या कागदावर मात्र वसुली शंभर टक्क्यांच्या आसपास झळकते आणि वरचे अधिकारी त्याची पाठ थोपटतात. मी एका गटसचिवांना विचारलं होतं की हे सगळं डोळ्यांसमोर होताना काय वाटतं? ते म्हणाले, "मले काय वाटते ते लिहायचा रकाना नाही."

रकान्यांवरून आठवलं. २०१७ साली कर्जमाफी आली, तेव्हा एकेका कर्जदाराची माहिती भरायचा तक्ता ६६ रकान्यांचा होता. एवढी माहिती मुलगी बघायला गेलेले लोकसुद्धा विचारत नाहीत. त्या दिवसांत गावोगावचे गटसचिव रात्री झोपेत नावं, आधार क्रमांक आणि खाते क्रमांक बरळायचे, असं त्यांच्या घरचे सांगतात. यादी लागली की ज्याचं नाव नाही तो गटसचिवाच्या दारात, आणि ज्याचं आहे तो मुंबईत सरकार चालवणाऱ्याच्या फोटोला हार घालायला. सर्वांत अवघड प्रश्न मात्र या दोघांचा नसायचा. तो विचारायचा दर वर्षी नियमित भरणारा माणूस. "भाऊ, म्या टायमावर भरलं, हे चुकलंच ना माझं?" पुढच्या योजनेत नियमित भरणाऱ्यांना ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन मिळालं, ते हातात पडेस्तोवर २०२२ उजाडलं. तोवर हा माणूस रोज एक चक्कर मारायचा.

सरकारी तक्त्यांची आमच्या गावाला सवय आहे. अकबराच्या दरबारी अबुल फजलनं आईन-ए-अकबरीत वऱ्हाडचा महसूल परगण्या-परगण्यानं मांडून ठेवला, तेव्हापासून आम्ही कुठल्या ना कुठल्या तक्त्यात आहोतच. नंतर पटवारी आला. तो गेला, तलाठी आला. म्हातारी माणसं त्यालाही पटवारीच म्हणत राहिली. २०२४ मध्ये तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला आणि ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी. पाटी बदलली, चावी टांगायचा खिळा तोच. महसुलाकडे गाव नमुने २१, ग्रामपंचायतीकडे हिशेबाचे नमुने ३३. गावात एवढे नमुने आधीच हिंडत असताना सरकारला आणखी छापायची काय गरज होती, हा प्रश्न मी ग्रामसभेत विचारला होता. तो इतिवृत्तात घेतला नाही.

जीएसटीबद्दल मी थोडक्यात बोलतो, कारण जास्त बोललं की माझं ब्लडप्रेशर वाढतं. चार्टर्ड अकाउंटंट मंडळींची संस्था १ जुलै १९४९ला स्थापन झाली आणि त्यांच्या या वाढदिवशीच, १ जुलै २०१७ला, सरकारनं देशाला जीएसटी दिला. ही वाढदिवसाची भेट होती की सूड, यावर त्यांच्यात आजही दोन मतं आहेत. कृषी सेवा केंद्रात एकच शेतकरी एकाच पिशवीत बियाणं, खत आणि औषध घेतो. बियाण्याला कर नाही, खताला ५ टक्के, औषधाला १८. खताला शिवाय मशीनवर अंगठा. जन्मभर माती कसून ज्याच्या अंगठ्याच्या रेषा गेल्या, त्याचा अंगठा मशीन ओळखत नाही. गाव ओळखतं, मी ओळखतो, मशीन नाही. कापसाचं आणखी निराळं. शेतकरी कापूस विकतो, पण त्याच्यावरचा कर नोंदणी असलेल्या घेणाऱ्यानं भरायचा. ही उलटी रीत मी एका अडत्याला समजावून सांगितली, तेव्हा त्यानं शांतपणे ऐकून विचारलं, "मंग पोरीकडल्यानंच हुंडा द्यावा अन् पोरीकडल्यानंच घ्यावा, असं म्हना ना." मी हो म्हटलं. याहून बरं स्पष्टीकरण मला बुलडाण्यालाही मिळालं नव्हतं.

विवरणपत्र भरायची तारीख २०. वीस तारखेला काय होतं हे सांगण्यासारखं नाही. लाइट गेलेली असते. ती येते तेव्हा रेंज गेलेली असते. रेंज येते तेव्हा सरकारचं सर्व्हर बसलेलं असतं. आणि या तिन्ही देवता एकाच वेळी प्रसन्न झाल्याच, तर ओटीपी मालकाच्या मोबाइलवर जातो. मालक असतात नळगंगेच्या बाजूच्या शेतात, मोटरीजवळ. ओटीपीचं आयुष्य दहा मिनिटांचं. मालकांना फोन लागायला सात, फोन कुणाचा हे कळायला एक, चष्मा सापडायला दोन. अकराव्या मिनिटाला ते आकडे सांगू लागतात, तेही मागच्या महिन्यातल्या मेसेजमधले. हिशेबाच्या पुस्तकात घसाऱ्यावर एक अख्खं प्रकरण असतं. यंत्राचा घसारा, इमारतीचा घसारा, फर्निचरचा घसारा. हिशेबनिसाच्या घसाऱ्याचा दर काय, हे त्यात कुठंच दिलेलं नाही.

सोसायटीच्या लेखापरीक्षणाला लोक उगाच घाबरतात. लेखापरीक्षक हा चांगला माणूस असतो, फक्त तो आल्यावर शांतपणे बसत नाही. सकाळी पोहे, दुपारी भरीत आणि कळण्याची भाकरी, मधे तीन वेळा चहा घेऊन तो पहिला आक्षेप लिहितो की 'चहापाणी खर्च अवाजवी दिसतो'. मी दोषदुरुस्ती अहवालात उत्तर देतो, 'यापुढे दक्षता घेण्यात येईल'. पुढच्या वर्षी आक्षेप तोच, उत्तर तेच, चहा वाढलेला. मला वाटतं दोन खात्यांतला हा पत्रव्यवहार आता जुन्या मैत्रीच्या पातळीवर आलेला आहे, त्यात उत्तरं बदलली तर उलट गैरसमज व्हायचा.

खरी परीक्षा सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत. वर्षभराचं काम, रात्रीची जागरणं, जुळत नसलेले सव्वा रुपये शोधण्यात घालवलेला आठवडा, हे सगळं विषयपत्रिकेवर एका ओळीत येतं, 'ताळेबंद व नफातोटा पत्रकास मंजुरी देणे'. कुणीतरी म्हणतं, "वाचला असं समजा." मंजूर. पाठोपाठ विषय येतो सभासदांना दिवाळीला द्यायच्या भेटवस्तूचा, आणि तिथं सभा दीड तास थांबते. स्टीलचा डबा द्यायचा की पातेलं? डबा तर किती लिटरचा? मागच्या वर्षीच्या डब्याचं झाकण बसत नव्हतं, त्याची जबाबदारी कुणावर? कोट्यवधींच्या ताळेबंदात एकही चूक न सापडलेल्या माणसाला झाकणाबद्दल उभं करून जाब विचारतात. लाभांशावर कायद्यानं १५ टक्क्यांची मर्यादा आहे. बोलण्यावर नाही.

सगळ्यांत वाईट काम मात्र यातलं कोणतंच नाही. ते म्हणजे भावांच्या वाटण्या. सासरा-जावई आणि बाप-लेक यांच्या लढाया आमच्या शिवारात होऊन गेल्या. भावा-भावांच्या अजून चालू आहेत, फक्त त्या वहीवर होतात. दुकान दोघांचं, राबतो एक, उधारी देतो दुसरा. वाटणीचा दिवस येतो तेव्हा दोघंही माझ्याकडे वेगवेगळे येतात. पहिला म्हणतो, "तुम्हाला सगळं माहीत आहे." दुसरा म्हणतो, "तुम्हाला सगळं माहीत आहे, पण बोलू नका." आणि मला खरोखर सगळं माहीत असतं. कुणी आईच्या आजारपणाचा खर्च दुकानात टाकला, कुणी मुलाची फी 'किरकोळ' या खात्यात लपवली, कुणी दुसऱ्याला न सांगता बहिणीला दर महिन्याला पैसे पाठवले. ही शेवटची नोंद मी एका घरात सलग कितीतरी वर्षं 'हमाली' म्हणून ओढली होती. वाटणीच्या वेळी थोरला ओळीवर बोट ठेवून बघत राहिला आणि म्हणाला, "हमाली एवढी?" धाकट्यानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "माल जड होता." थोरल्यानं पान उलटलं. त्यालाही ठाऊक होतं असं मला आता वाटतं, कारण त्याच्या बाजूला 'तोलाई' अशीच फुगलेली होती.

हे एवढं माहीत असल्यामुळं गावात माझ्यावर विश्वास फार. विश्वास फार असला की लग्नात मांडवाच्या दारातलं टेबल मिळतं. आहेराची वही. रोहिणखेडपासून मोताळ्यापर्यंत कुणाचंही लग्न असो, मी पाहुणा म्हणून गेलो तरी पाच मिनिटांत माझ्या हातात पेन येतो. मंगलाष्टकं मी फक्त ऐकलेली आहेत. नवरी नेसली कोणतं, मला सांगता येणार नाही. नवरीच्या मामानं १,१०१ दिले, हे सांगता येईल. दुहेरी नोंद पद्धत युरोपात निघाली म्हणतात, निघाली असेल. पण आमच्या आहेराच्या वहीइतकी काटेकोर ती कुठंच पाळली जात नसावी. आपल्या पोरीच्या लग्नात ज्यानं ५०१ दिले, त्याच्या पोराच्या लग्नात ५०१ गेलेच पाहिजेत, आणि ते बघायला जुनी वही पत्र्याच्या पेटीतून काढतात. आयकराची कागदपत्रं सात वर्षांत वाळवी खाते. आहेराच्या वहीला वाळवीही शिवत नाही.

मागच्या मे महिन्यात असाच एका मांडवात बसलो होतो. पंगती उठत होत्या, वांग्याच्या भाजीचा वास येत होता आणि माझ्यापुढं रांग. एक गृहस्थ आले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "सीए साहेब, एक हजार एक मांडा." मी मांडले. त्यांनी पाकिटातून ५०१ काढून टेबलावर ठेवले. मी वर पाहिलं.

"बाकीचे सोयाबीन निघाल्यावर देतो," ते म्हणाले. "यजमानाले सांगू नका."

मी नियमानं कागद पुढं केला, एवढं लिहून द्या म्हटलं. ते एकदम दुखावले.

"कायले? मी सांगतो ना!"

वहीत येणे बाकीचा रकाना नव्हता. समासात बारीक अक्षरात ५०० लिहिले, पुढं 'सोयाबीन' असं लिहिलं आणि पुढच्याचं नाव विचारलं.